येतो, चाचा

शेगडी मिळेल. गच्चीवर टाकीमागे ठेवलीय, कोळशाची अर्धी गोणीही तिथंच आहे, तीही न्या. परत करताना मात्र घासून द्या. मागच्या वेळी तुमच्यातल्याच कुणीतरी चरबीसकट आणून ठेवली आणि मुंग्या पार माझ्या उंबऱ्यापर्यंत आल्या. पण आधी बसा. उद्या गुरुवारी मजरा भाड्यानं घेतलाय म्हणता. खजुराची बाग, पोहायला हौद, मधोमध घर, शेजारपाजार नाही. छान आहे. तरुण आहात, जावंच. नझीरचाचा कुणाला अडवत नाही. फक्त बाग कुठली, एवढं विचारतो.

बुदय्याच्या अलीकडे? अच्छा.

मग ऐकूनच जा. दिवा राहू दे, दार तेवढं लोटून घ्या.

तुमच्यापैकी कुणी तौकीरला पाहिलं नसेल. याच बिल्डिंगमध्ये, याच मजल्यावर, जिन्याच्या पलीकडच्या फ्लॅटमध्ये राहायचा. श्रीवर्धनचा. बायको नुसरत आणि मुलगी लाईबा. पोरगी शाळेत जायला लागल्यापासून बापाशी इंग्लिशमध्ये बोलायची, बाप मराठीत उत्तर द्यायचा, आणि दोघांचं झकास चालायचं. संध्याकाळी तो कामावरून आला की ती जिन्यात बसून त्याच्या बुटांच्या नाड्या सोडायची. त्या पोरीवर त्याचा जीव होता. सलमाबादला एसी दुरुस्तीचं एक वर्कशॉप होतं, तिथं तो स्टोअर सांभाळायचा. माणूस भित्रा. कामावर कुणी आवाज चढवला की हा आधी माफी मागून मोकळा, मग चूक कुणाची ते बघायचं. पण वाईट म्हणता येणार नाही. निदान तोवर तरी कुणी म्हटलं नव्हतं.

आणि त्याचा दोस्त रॉनी. वसईचा. त्याच वर्कशॉपमध्ये गिऱ्हाइकांकडे जाऊन ऑर्डरी आणायचा. जिभेला हाड नाही, पण मनात काही ठेवणार नाही असा गडी. कुणाचाही आवाज काढायचा. अरबाबाच्या, म्हणजे मालकाच्या आवाजात स्टोअरला फोन लावून तौकीरला घाम फोडायचा आणि मग दुपारी त्यालाच बिर्याणी खायला न्यायचा. तौकीर पहिल्यांदा इथं आला तेव्हा त्याच्याकडे पांघरूणसुद्धा नव्हतं. रॉनीनं आपलं दिलं आणि स्वतः टॉवेल घेऊन झोपला. ही दोस्ती तिथून सुरू झालेली. एप्रिलमध्ये रॉनीचं लग्न ठरलं होतं, इथल्याच हॉस्पिटलात नर्स असलेल्या प्रिसिलाशी. म्हणून त्यानं टुमणं लावलं, की लग्नाआधी एकदा आपण दोघंच कुठंतरी जाऊ. बायका नकोत, पोरं नकोत, कोंबडी भाजू, झोपा काढू. अरबाबाची जुनी बाग रिकामीच पडली होती. त्यानं परवानगी दिली.

तारीख सांगतो. सोळा डिसेंबर, एकोणीसशे त्र्याण्णव. इथला राष्ट्रीय दिन, आणि वार गुरुवार. सीफला तेव्हा हे मॉल-बिल नव्हते, नुसता भराव पडलेला. मनामात दिव्यांच्या माळा लागलेल्या, गाड्यांचे भोंगे चाललेले, आणि हे दोघे रॉनीच्या खटारा निस्सानमधून उलट्या दिशेनं निघालेले. नुसरतनं डब्यात वाटण बांधून दिलं होतं. लाईबा खिडकीतून हात हलवत होती.

किल्ली बागेच्या अलीकडच्या कोल्डस्टोअरमध्ये, म्हणजे किराणा दुकानात होती, शिवदास नावाच्या दुकानदाराकडे. केरळचा माणूस, कमी बोलणारा. त्यानं किल्ली दिली, ब्रेड दिला, गॅसची टाकी संध्याकाळी घेऊन येतो म्हणाला. पुढं कच्चा रस्ता. बागेचं फाटक उघडंच होतं. पूर्वी त्या भागात गोड्या पाण्याचे झरे होते म्हणतात, पाटानं पाणी फिरायचं. तेव्हा पाट कोरडा ठाक पडलेला, निम्मे खजुराचे माड वाळलेले, खाली झावळ्यांचा खच. पाटाच्या कडेला एक म्हातारा उकिडवा बसलेला.

लुंगी, वर जुना स्वेटर, डोक्याला टोपी. यांची गाडी बघून तो उठला नाही. रॉनी खाली उतरता उतरता तौकीरला म्हणाला, "तौक्या, वाटणाचा डबा सांभाळ, उलटा करशील." तेवढ्यावर म्हाताऱ्यानं मान वर केली.

"मराठी?" तो म्हणाला. "किती वर्सांनी कानावर पडली. कुठचे तुम्ही?"

तौकीरनं श्रीवर्धन म्हणून सांगितलं. म्हातारा बाणकोटचा निघाला. म्हणजे खाडी ओलांडली की गाव. मग काय विचारता? परमुलखात गावाकडचा माणूस भेटला की आपलं काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. तौकीर त्याच्यासमोर जमिनीवरच बसला. तरीच्या होडीतून जाताना लागणारी ती मशीद, बाणकोटचा किल्ला, पावसाळ्यात बंद पडणारी वाट, सगळं निघालं. म्हातारा थोडं बोलायचा आणि जास्त ऐकायचा. त्याचे डोळे धुरकट झाले होते, ते तौकीरच्या तोंडावरून हलत नव्हते. रॉनी कंटाळला. चल बाबा, कोंबडी लावायची आहे, म्हणाला. तेव्हा तौकीर उठला, कपडे झटकले आणि तुम्ही-आम्ही कुठूनही निघताना जे म्हणतो ते म्हणाला.

"येतो, चाचा."

म्हातारा म्हणाला, "कधी?"

आता बघा, येतो याच्यावर कुणी कधी म्हणून विचारतं का? जातो म्हणू नये म्हणून आपण येतो म्हणतो, एवढंच. आईनं शिकवलेलं असतं. तौकीर गडबडला. तो नुसता हसला.

"येतो म्हणालास ना? कधी येतोस?"

रॉनीच्या अंगात लगेच किडा वळवळला. तो गाडीला टेकून म्हणाला, "रात्री येतो चाचा, जेवायला. दोघंही येतो. बनवून ठेवा काहीतरी."

म्हातारा हसला नाही. त्यानं मान डोलावली, जशी काम सांगितलेला माणूस डोलावतो. मग तो गुडघ्यावर हात टेकून उठला आणि सुकलेल्या माडांमध्ये चालत गेला. रॉनीला हसू आवरेना. तौकीरला मात्र बरं वाटलं नाही. म्हाताऱ्या माणसाची अशी थट्टा करू नये, असं तो म्हणालाही. रॉनी म्हणाला, "बरं, मग त्याला एक तंगडी पाठवून देऊ, खलास."

घर म्हणजे एकच मोठी खोली, मागं मोरी. दगडी भिंती, दोन लोखंडी खाटा, एक दिवा. दाराला आतून लोखंडी कडी, गंजलेली, वर उचलून मग ओढावी लागायची. रॉनीनं दोनदा बोट चेमटवून घेतलं. संध्याकाळी अंगणात कोंबडी भाजली, गाणी लावली, रॉनीनं बाटली उघडली. तौकीर पीत नव्हता. पण तोही खुशीत होता, हे तो स्वतः सांगायचा. इतकं हसणं पुष्कळ दिवसांत झालं नव्हतं म्हणायचा.

दिवस मावळल्यावर शिवदास गॅसची टाकी घेऊन आला. तौकीरनं ताटलीत एक तंगडी, ब्रेड, थोडा रस्सा असं काढून त्याच्यापुढं धरलं. "भाई, जाते जाते वो बुड्ढे चाचा को देना."

"कौन बुड्ढा?"

"वो स्वेटरवाला. इधर का माली होगा."

शिवदासनं ताटली घेतली नाही. "इधर कोई माली नहीं है साब. पानी मफी, सब सूखा है, माली क्या करेगा?"

तौकीरनं पाटाकडे बोट दाखवलं, लुंगी सांगितली, टोपी सांगितली, बाणकोट सांगितलं. शिवदासनं टाकी खाली ठेवली आणि हात पुसले. मग तो बोलला. पूर्वी होता एक माळी, महमूद नावाचा. अरबाबाच्या बापाच्या वेळेपासूनचा. डोळे गेले, बाग सुकली, तरी राहिला, कारण गावी त्याचं कुणी उरलं नव्हतं. त्याच्याच गावचा एक पोरगा मनामात कामाला होता, तो शुक्रवारी भेटायला यायचा. एकदा म्हातारा आजारी पडला. पोरगा आला, बसला, जाताना काहीतरी बोलला आणि पुन्हा फिरकलाच नाही.

"बुड्ढा रोज दो आदमी का खाना पकाता था," शिवदास म्हणाला. "खुद नहीं खाता था. बोलता था, वो बोल के गया है. गर्मी में मर गया. मैंने ही देखा. खाना सामने था, सड़ा हुआ." त्यानं पुन्हा हात पुसले. "एक ही बात बोलता था आखिर तक. येतो. येतो. साब, ये येतो का मतलब क्या होता है?"

रॉनी तौकीरकडे बघायला लागला.

"मतलब..." तौकीर म्हणाला. "मतलब, जाता हूँ."

शिवदासला ते काही कळलं नाही. "जाता हूँ? तो फिर बुड्ढा राह काहे को देखता था?" असं म्हणून तो फाटकाकडे चालू लागला, आणि जाताना एकदाही त्यानं पाटाकडे बघितलं नाही.

म्हातारा आपलाच होता. त्याला येतो म्हणजे काय ते कळत नव्हतं असं नाही. पण माणूस फार एकटा पडला की असले शब्द धरून बसतो. आणि आपण मयताच्या घरून निघताना येतो म्हणत नाही, मुकाट्यानं उठतो, हे तौकीरलाही पाठ होतं. पण आपण मयताशी बोलतोय हे त्याला कोण सांगणार होतं?

तौकीर म्हणाला, चल, घरी जाऊ. आत्ता. रॉनीनं बाटली दाखवली. एवढी पोटात गेल्यावर गाडी कोण चालवणार? तौकीरकडे लायसन नव्हतं. रॉनीची भीती त्याच्या पद्धतीनं बाहेर पडली. तो अंगणाच्या कडेला जाऊन अंधारात तोंड करून म्हाताऱ्याचा आवाज काढायला लागला. "किती वर्सांनी कानावर पडली... कधी येतोस रे? कधी येतोस?" हुबेहूब. तौकीर आधी ओरडला. मग, काय सांगू, तोही हसला. घाबरलेला माणूस हसतो ते हसू. मग दोघं आत गेले आणि कडी लावली. रॉनी पडल्या पडल्या घोरायला लागला.

दिवा चालूच ठेवला होता. तौकीर खाटेवर बसून होता. बाहेर वारा नव्हता. झावळी हलत नव्हती. थंडी मात्र दगडातून आत येत होती. तो कुराणातली आयत म्हणायचा, मध्येच विसरायचा, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. घड्याळात सव्वादोन झालेले त्यानं पाहिले.

दारावर टकटक झाली.

हळू. पाहुणे आलेत आणि घरात कुणी झोपलं असेल, अशा बेतानं.

तौकीरनं पाय खाटेवर ओढून घेतले.

"जेवण थंड झालं," बाहेरून आवाज आला.

रागावलेला आवाज नव्हता. दमलेला होता. तौकीरनं रॉनीच्या खांद्याला हात लावला. हलवलं. गदागदा हलवलं. रॉनी कूस बदलून पुन्हा झोपला.

"येतो म्हणालात... म्हणून केलं. दोघांचं केलं."

तौकीरनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

"दोघांना जमत नसेल तर एक आला तरी चालेल. मी काय म्हणणार?" आवाज थांबला. मग दाराच्या अगदी जवळून आला. कडीपाशी. "पण म्हणालेला तर आला पाहिजे. तुमच्यातला आधी कोण म्हणालेला? येतो... कोण म्हणालेला?"

आधी तौकीर म्हणाला होता. हे त्याला ठाऊक होतं, रॉनीला ठाऊक होतं, आणि बाहेर जो कोण होता त्यालाही ठाऊक असणार. डोळे धुरकट होते, पण ते पाटाच्या कडेला कुणाच्या तोंडावर खिळले होते?

तो गप्प राहू शकला असता. नंतर मी त्याला तसं म्हटलंही. काही न बोलता फटफटेपर्यंत बसून राहायचं. पण त्याच्या डोळ्यांपुढं खिडकीत हात हलवणारी लाईबा आली. नुसरत आली. माझ्या मागं दोघी आहेत, असं त्याच्या मनात आलं. रॉनीच्या मागं कोण आहे? आई आहे, भाऊ तिला बघेल. प्रिसिलाचं अजून लग्न झालेलं नाही, तिला दुसरा मिळेल. एवढा सगळा हिशेब त्यानं केला, पोरांनो, आणि श्वास घ्यायला लागतो तेवढ्या वेळात केला. शेजारी दोस्त घोरत होता.

"रॉनी," तो म्हणाला. "रॉनी म्हणालेला."

बाहेर शांत झालं. तौकीरला वाटलं, गेला.

"रॉनी," आवाज म्हणाला. जिभेवर घोळवून बघितल्यासारखा. "नाव मला माहीत नव्हतं."

मग त्यानं हाक मारली.

"रॉनी... ए रॉन्या..."

हा आवाज म्हाताऱ्याचा नव्हता. तौकीरचा होता. तौकीर स्वतः ओठ मिटून बसला होता आणि दाराबाहेरून त्याचाच आवाज येत होता.

घोरणं थांबलं.

"आलो," रॉनी म्हणाला. डोळे मिटलेले. "आलो, आलो..."

झोपेत आपण म्हणतो ना तसं. कुणी हाक मारली की आधी आलो म्हणायचं, मग उठायचं. तो उठला. अंगात बनियन आणि हाफपँट. पाय जमिनीवर टेकवले. चपला शोधल्या नाहीत. तौकीरच्या खाटेला घासून तो दाराकडे गेला. तौकीरचा हात सहज पोचला असता. मनगट धरलं असतं तरी पुरे होतं. त्यानं हात काखेत घालून ठेवले.

रॉनीनं कडी चाचपली. ओढली. हलेना. पुन्हा ओढली. झोपेत त्याला ती उचलायचं सुचत नव्हतं. खडखड... खडखड...

"रॉन्या..." बाहेर.

"आलो रे..."

खडखड चालूच राहिली. ती आता रॉनीला जागं करणार, असं तौकीरला वाटलं. तो जागा झाला तर विचारेल. नाव कुणी सांगितलं म्हणून विचारेल.

तौकीर उठला.

आणि त्यानं कडी उचलून दिली.

हे त्यानं मला सांगितलं तेव्हा तो रडला नाही. मला त्याची चीड आली, अजूनही येते. दार उघडलं. बाहेर अंधार. कुणी दिसलं नाही. रॉनी उंबऱ्यावरून खाली उतरला. तौकीरनं दार लावलं, कडी घातली आणि दाराला पाठ लावून खाली बसला.

थोडा वेळ काही नाही.

मग पाय गारठले असतील. जाग आली असेल.

"तौक्या?"

हा खरा रॉनी होता. दातावर दात आपटत होते.

"तौक्या, मी बाहेर कसा आलो? दार उघड."

...

"मस्करी नको. थंडी वाजतेय. उघड ना."

...

"तौक्या... कोणतरी आहे इथं. अरे बसलाय कोणतरी. दार उघड. आईची शपथ, उघड..."

तो दार बडवायला लागला. तौकीरच्या पाठीला एकेक धक्का बसत होता. त्यानं कानांत बोटं घातली. तरी ऐकू येत होतं. मग हाका लांब गेल्या. दारापासून पाटाकडे. पाटापासून माडांत. ओढत नेल्यासारख्या नाहीत. हाताला धरून कुणी जेवायला बसवायला नेतं, तशा. शेवटची हाक तौकीरच्या नावाची नव्हती. आईच्या नावाची होती.

मग काही नाही.

खूप वेळ काही नाही.

तौकीरनं कानांतली बोटं काढली. त्याच क्षणी दाराच्या फटीतून, त्याच्या कानापाशी, म्हाताऱ्याचा आवाज आला. पोट भरलेल्या पाहुण्याचा. अदबीचा.

"बरंय. येतो."

सकाळी शिवदास आला, त्यानंच रॉनीला पाहिलं. पाटाच्या कडेला उकिडवा बसलेला. डोळे उघडे. बोटांची सालं सोललेली. पोलीस आले, अरबाब आला. डॉक्टर म्हणाले दारू, थंडी, हृदय. तौकीर म्हणाला, मी झोपलो होतो, मला काही कळलं नाही. त्यानं ते अरबीत सांगितलं, हिंदीत सांगितलं, आणि दुपारी हॉस्पिटलच्या मागच्या दारापाशी प्रिसिलाला मराठीतही सांगितलं. ती युनिफॉर्ममध्येच धावत आली होती. तिनं एकच विचारलं.

"त्यानं तुला हाक मारली असेल ना, तौकीर? एकदा तरी?"

"नाय," तौकीर म्हणाला. "नाय मारली."

ती त्याच्या गळ्यात पडून रडली. त्यानं तिच्या पाठीवरून हात फिरवला.

संध्याकाळी तो घरी आला. इथं, पलीकडे. लाईबानं त्याच्या बुटांच्या नाड्या सोडल्या. त्यानं तिला इतकं घट्ट धरलं की तिनं तक्रार केली. एवढ्यासाठीच त्यानं ते केलं होतं, आणि ते सगळं तिथं होतं, दिव्याखाली, जागच्या जागी. नुसरतनं रॉनीसाठी डोळे पुसले, याला जेवायला वाढलं. यानं घास तोंडात घातला नाही. तुम्ही दोघी झोपा, मी जरा बसतो, म्हणाला.

बाहेरच्या दाराला त्यानं दोन्ही कुलपं लावली. खिडक्या लावल्या. हॉलमधले सगळे दिवे चालू ठेवून तो सोफ्यावर बसला, दाराकडे तोंड करून. रात्रभर बसला. डोळा लागू दिला नाही, हे तो शपथेवर सांगायचा. टकटक झाली नाही. हाक आली नाही. जिन्यात पाऊल वाजलं नाही. सव्वादोन वाजले, तीन वाजले, काही नाही. पहाटे फजरची अजान झाली तेव्हा तो उठला, तोंड धुतलं, आणि कालपासून पहिल्यांदा त्याला भूक लागली. सुटलो, असं तो मोठ्यानं म्हणाला.

बेडरूमचं दार उघडून नुसरत बाहेर आली. केस बांधत चहा ठेवायला निघाली होती. त्याला हॉलमध्ये बघून थांबली.

"कवा उठलात?" ती म्हणाली. "बरं झालं, झोप लागली थोडी. मला वाटलं येताच नाय."

तौकीरनं बेडरूमच्या उघड्या दाराकडे बघितलं.

"पाय किती गार पडलेले तुमचे. कुठं फिरत होतात उघड्या पायांनी? लाईबाला लागले तशी ती दचकली झोपेत. मी दोन ब्लँकेटं घातली अंगावर, तरी गरम होईनात. काय झालं म्हणून विचारलं तर नुसतं हूं."

तौकीर तिला बाजूला सारून आत गेला. लाईबा भिंतीकडे तोंड करून झोपली होती. श्वास चालू होता. त्यानं हात लावून पाहिला. आईची जागा चुरगळलेली. आणि दोघींच्या मध्ये, जिथं तो झोपायचा, तिथं चादरीवर सुरकुती नव्हती. हातानं सारखी केलेली. पायथ्याशी दोन ब्लँकेटं होती.

नुसरत मागून आली. लग्न झाल्यापासून त्यानं एकदाही पांघरुणाची घडी घातली नव्हती, त्यावरून ती त्याला रोज बोलायची.

"आज काय सूर्य पश्चिमेला उगवला?" ती म्हणाली. "घड्या तुमीच घातल्या ना?"

त्यानं वाकून पाहिलं. घड्या नीट होत्या, एकावर एक ठेवलेल्या. कोपऱ्याला कोपरा जुळवलेला.